द्वारकेचा हेवा

द्वारके,

तुझ्या शोकसभेला मी शेवटच्या ओळीत बसले होते. मुलींच्या शाळेचं आवार माणसांनी भरून गेलं होतं. तुझ्या वर्गातल्या मुली रडत होत्या, त्यांच्या आया रडत होत्या, आणि कुंपणाबाहेर टांगेवाले टोप्या काढून उभे होते. मी मेले तर माझ्या मेडशीच्या शाळेला एक दिवस सुट्टी मिळेल आणि पोरी खुशाल बोरं वेचायला जातील, असं माझ्या मनात आलं. तू जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि मला तुझ्या शोकसभेचा हेवा वाटत होता. आता तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू.

अध्यक्ष म्हणून कोणी वकीलसाहेब आले होते. ते म्हणाले, "बाईंना रागावलेलं कधी कोणी पाहिलं नाही." मी पाहिलंय. तू मला पितळेचा तांब्या फेकून मारला होतास आणि नेम चुकला म्हणून आणखी चिडली होतीस. शेजारच्या बाईनं मला विचारलं, "तुमी बाईच्या कोन?" मी म्हटलं, "ट्रेनिंगले संगं होतो." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाग्याच्या हो तुमी." काय सांगू तिला? तुझ्यासंगं राहणं म्हणजे काय होतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आपण दोघी एकाच साली वाशीमच्या त्या ट्रेनिंगच्या शाळेत आलो. तू कारंज्याची, भावाचं कापसाच्या बाजारात दुकान. लहानपणीच विधवा झालेली, भावजयीच्या हाताखाली वाढलेली, पण अंगावर स्वच्छ लुगडं आणि बोलण्यात ठसका. मी मेडशीच्या माळ्याची पोर. वांगी, मेथी, कोथिंबीर लावून माझा बाप बाजार करायचा. माझा नवरा जिवंत होता, त्यानं दुसरी केली होती, आणि सवतीचं बाळंतपण आलं की सासरच्यांना माझी आठवण यायची. मला शाळेत घालताना बाप म्हणाला होता, "मास्तरीन झाली तं तुही तू मालकीन. नाई झाली तं ते लोक बैलबंडी घेऊन दारात उभे राह्यतीन, अन् मी त्यायले काय सांगू?"

म्हणून मला पास होणं भागच होतं. नापास म्हणजे सासर, सवतीचं पोरगं कडेवर आणि सगळ्या घराचं जेवण झाल्यावर उरलेली भाकर. तुला असं कोणी न्यायला येणार नव्हतं. मी कुंकू लावायचे आणि तुझ्या रिकाम्या कपाळाकडे बघून मनात म्हणायचे, हिचं बरं आहे. असा हेवा करणारी बाई तू दुसरी पाहिली नसशील. तुला हे एकदा मी रागाच्या भरात बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी तुझ्या बरणीतलं लोणचं माझ्या ताटाकडे आलं नाही.

त्या शाळेत आपल्याला मराठी शिकवायला शिकवत. ऐकणाऱ्याला वाटेल त्यात काय अवघड, आपलीच भाषा. पण आपली भाषा तिथं चालत नव्हती. मोठ्या बाई पुण्याकडच्या. मनानं वाईट नव्हत्या, पोटदुखीला ओवा द्यायच्या, पण माझ्या तोंडून "मले" निघालं की डोळे मिटून घ्यायच्या. मी "डोया" म्हटलं की सगळा वर्ग थांबायचा आणि मला व्हरांड्यात उभं राहून डोळा, काळा, शाळा असं घोकावं लागायचं. त्यात पाठाची पाच पायऱ्यांची शिस्त. आधी प्रस्तावना, मग हेतू, मग पुढचं, एक पायरी सुटली की वरची पडली. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पाठाचं टाचण लिहायचं, पाठ द्यायचा, दुसऱ्यांचे पाठ ऐकायचे, पुन्हा टाचण. श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

तुला सगळं जमायचं. वर्गाच्या उंबऱ्यावर तू वऱ्हाडी चपलेसारखी काढून ठेवायचीस आणि बाहेर आलीस की पुन्हा पायात घालायचीस. "कौसल्ये, चाल वं, भूक लागली" असं ओरडणारी तू आणि "मुलींनो, कवितेचा आशय लक्षात आला का?" असं विचारणारी तू, दोघी एकच आहेत यावर माझा विश्वास बसायचा नाही. मला ते जमेना. मी दोन्हीच्या मधेच अडकले आणि हळूहळू बोलणंच सोडलं.

मग माझी झोप गेली. डोळे मिटले की बाईंचा आवाज कानात सुरू व्हायचा. घास तोंडात नुसता फिरायचा. मुली हसल्या की मला वाटायचं, माझ्यावरच हसताहेत. बोलायच्या आधी मी एकेक शब्द मनात घासूनपुसून बघायचे, आणि घासता घासता तो शब्दच नाहीसा व्हायचा. छातीत सारखी धडधड. कोणाला सांगू? डोक्याचं दुखणं आहे असं कळलं तर शाळा नाव काढून टाकेल, आणि बाहेर बंडी उभीच होती. तू एकदा विचारलंस, "काहून वं, जेवून नाई राह्यली?" मी म्हटलं, "मेथी पचत नाई मले." माळ्याच्या पोरीला मेथी पचत नाही, आणि तू म्हणे ते खरं मानलंस.

आता त्या पाठाचं सांगते. आपल्या वेळी टीकेचा पाठ असायचा हे आजकालच्या मुलींना सांगितलं तर त्या हसतील. एकीनं खऱ्या मुलींच्या वर्गाला शिकवायचं, बाकी सगळ्यांनी मागं बसून ऐकायचं, आणि पाठ संपला की एकेकीनं उठून एक गुण आणि दोन दोष सांगायचे. दोष सांगावेच लागत. "दोष नाही" म्हटलं की मोठ्या बाई म्हणणार, "तुमचं लक्ष नव्हतं," आणि बोलणारीचेच गुण कापणार. त्यामुळे मैत्रिणी मैत्रिणींचे गळे कापत. शेवटी सगळ्याच शहाण्या झाल्या. जिच्याशी जमतं तिच्यासाठी मुद्दाम एखादी बारीक चूक ठेवायची, तिनं नेमकी तीच दाखवायची, म्हणजे दोघींचंही भागतं. तू फळा पुसायचा थोडा राहू द्यायचीस, तो दोष मी सांगायचे. मी खडू मुठीत धरायचे, तो तू सांगायचीस. त्या शाळेतली आपली सगळी मैत्री या ठरवलेल्या चुकांवर चालली होती म्हटलं तरी चालेल.

माझ्या त्या पाठाला मला चौथीची कविता होती. मी कसं शिकवलं मला आठवत नाही. एवढं आठवतं की एका पोरीनं काही विचारलं आणि मला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. घामानं चोळी पाठीला चिकटली होती. तरी पाचही पायऱ्या झाल्या. खडू मी ठरल्याप्रमाणे मुठीत धरला. पाठ संपला. एकेक उठून बोलू लागली. मग तुझी पाळी आली. मी तुझ्याकडे बघत होते, की ही आता खडूचं सांगेल आणि बसेल.

तू म्हणालीस, "गुण एकच. आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचला." मग बाईंकडे वळलीस. "दोष असा, की शिकवणारी आजारी आहे. तिला झोप येत नाही. ती जेवत नाही. परवा सकाळी विहिरीच्या काठाशी एकटीच उभी होती आणि मी हाक मारली तर ओ देत नव्हती. मी तिचा हात धरून ओढून आणली. तिला घरी पाठवावं, बाई." सगळं शुद्ध मराठीत. एकही चूक नाही.

मुठीतला खडू मी अजून सोडला नव्हता. चौथीच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. मोठ्या बाईंनी मला जवळ बोलावलं, माझा हात हातात घेतला आणि मेडशीला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी माझा बाप मला न्यायला आला. मी निघताना तू दारात उभी होतीस. मी तुझ्या तोंडावर म्हटलं, "तुया पहिला नंबर पक्का झाला आता. खुश राह्य." तू म्हणालीस, "घरी जाय अन् झोप." तांब्या तू तेव्हा फेकला होतास, कारण मी आणखी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि पहिला नंबर तुझाच आला, बघ. मी मेडशीत होते तेव्हा कोणीतरी बाजारात सांगितलं. मी वांग्याच्या वाफ्यात बसून रडले नाही, शिव्या दिल्या.

घरी माझी काय गत झाली ते तू कधी पूर्ण विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आईला वाटलं बाहेरची बाधा आहे. ती मला पोहऱ्याला देवीपाशी घेऊन गेली, तिथं तिनं नवस बोलला, आणि येताना गाडीत माझ्या डोक्यावरून सारखा हात फिरवत राहिली. देवीनं केलं की आईच्या हातानं, मला माहीत नाही. सासरचे आले होते. बापानं त्यांना दारातच सांगितलं, "पोरगी बिमार हाये. डोस्क्याची बिमारी हाये. नेता काय?" ते आल्या पावली परत गेले. वेडी बायको कोणाला पाहिजे. म्हणजे बघ, ज्या गोष्टीला मी एवढी भीत होते, तिनंच मला सासरातून सोडवलं. बाप नंतर हसून म्हणायचा, "दुखन्याचा बी उपेग होते."

बाप मला काही विचारायचा नाही. पहाटे उठवायचा आणि वाफ्यांना पाणी द्यायला लावायचा. तो मोट हाकायचा, मी दांडातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. पाण्यात पाय असले की कानातला आवाज कमी व्हायचा. आधी दुपारची झोप आली, मग रात्रीची. मेथी पचू लागली. वाफ्यात निंदायला येणाऱ्या बायांना मी एक दिवस ती चौथीची कविता सांगून बघितली, आपल्या बोलीत, आणि त्या हसल्या तेव्हा मला वाटलं नाही की माझ्यावर हसताहेत. पुढच्या साली मी परत गेले. मोठ्या बाईंनीच बोलावणं पाठवलं होतं. मी पास झाले. नंबर विचारू नकोस.

तोवर तू वाशीमच्या मुलींच्या शाळेत लागली होतीस. मोठी शाळा, कौलारू, समोर चिंच, गावात मान. मला मेडशीचा एकशिक्षकी वर्ग मिळाला, मारुतीच्या देवळामागं, पावसात गळणारा. मी सर्व्हिस मोटारीनं वाशीमला यायचे, तुझ्याकडे उतरायचे, तुझ्या हातचं जेवायचे आणि मनात म्हणायचे, ही जागा माझी होती. एक वर्ष वाया गेलं नसतं तर माझी होती. शाळेतल्या तुझ्या खुर्चीकडे बघितलं की मला ढास लागायची.

आणि दर खेपेला भांडण तेच. मी म्हणायचे, "मी नुसतं पाणी पाहून राह्यली होती." तू म्हणायचीस, "पानी काय पाह्यतं त्या विहिरीत? शेवाळ?" मी म्हणायचे, "मले न विचारता तू साऱ्या वर्गासमोर बोलली काहून? एकटीले बाईंच्या खोलीत सांगता आलं नसतं?" तू म्हणायचीस, "खोलीत सांगितलं असतं तं बाईंनी तुले बोलावून विचारलं असतं, अन् तू म्हटलं असतं, मेथी पचत नाई." मग तू हसायचीस. तुझं ते हसणं मला सहन व्हायचं नाही. माफी तू कधी मागितली नाहीस. एकदा मी सरळच म्हटलं, माफी माग. तू कणीक मळत म्हणालीस, "पुन्हा तीच वेळ आली तं पुन्हा तेच करीन. पोळी घे."

गेल्या महिन्यात तुला तापानं धरलं. डॉक्टर म्हणाले टायफाइड. जर्मनी-जपानच्या लढाईमुळे औषधं मिळत नव्हती, कोणीतरी अकोल्याहून आणून दिली. मी शाळा बंद ठेवून आले. तू इतकी वाळली होतीस की पलंगावर नुसती गोधडीच पडलीय असं वाटायचं. बाहेर ओट्यावर तुझ्या मुली रांगेनं बसल्या होत्या, दार उघडलं की आत डोकावत होत्या. मला तेव्हाही हेवा वाटला. मी तुला सांगितलं तसं. म्हटलं, "बिमार पडली तरी तुहीच ऐट."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघत म्हणालीस, "कौसल्ये, हेवा मले होता."

मला वाटलं तापात बरळतेयस. पण तू नीट बोलत होतीस, सावकाश. म्हणालीस, "ट्रेनिंगमंधी मी दर पाठाच्या आंधी मागच्या परसात जाऊन ओकत होती. तोंड धुवून वर्गात जात होती. साऱ्यायले वाटे द्वारकेले सारं जमते. झोप मलेई नव्हती. तुह्याच बाजूच्या खाटेवर मी जागी होती, म्हणून तं मले समजलं तुले झोप नाई. तू घरी गेली. तुया बाप आला गाडी घेऊन. मी दारात उभी राहून पाह्यलं, त्यानं तुले उचलून गाडीत बसवलं. मले कोन न्यायले येणार होतं? भावजय? तुह्यासाठी उठून बोलणारी मी होती. माह्यासाठी कोणी उठलं नाई."

मी कपाळावरची पट्टी पाण्यात पिळत बसले. तुझ्या बाजूच्या खाटेवर मीही जागीच पडलेली असायचे. तू जागी होतीस हे मला कधी कळलंच नाही. मला माझ्याच कानातला आवाज ऐकू यायचा, आणि त्यातून वेळ उरला तर तुझा राग करायचे.

मग तू विचारलंस, "आता तं खरं सांग. पानी पाहून राह्यली होती?"

मी म्हटलं, "पाणीच पाहत होती."

का म्हटलं? सवय. इतकी वर्षं तेच म्हणत आले होते. तू "बरं" म्हणालीस आणि कुशीला वळलीस. मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली, तुझ्या मुलींना पेज करायला लावली, आणि संध्याकाळच्या मोटारीनं मेडशीला निघाले. परत येईन, तुझा ताप उतरेल, तू पुन्हा शेवाळाचं बोलशील, मी पुन्हा चिडेन, असंच मला वाटत होतं. तू थांबली नाहीस. यातही तू पुढं.

परवा हुकूम आला, द्वारके. तुझ्या जागेवर माझी बदली झाली आहे. कौलारू शाळा, चिंच, खुर्ची, सगळं. नको म्हणावं असं एकदा वाटलं, पण मी काही तेवढी थोर नाही. मी जाणार आहे. काल जाऊन बघूनही आले. तुझ्या मुलींनी मला बसू दिलं, पाणी दिलं, आणि त्यातली एक धिटुकली म्हणाली, "आमच्या बाई रागावत नव्हत्या, तुमी रागावता काय?" मी म्हटलं, "हो, पुष्कळ." त्या आपसात बघू लागल्या. त्यांना मी आवडणार नाही, निदान एक वर्ष तरी. तुझ्यासारखं मला जमणारच नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे वरून बघत हसू नकोस.

तुझ्या खुर्चीवर मी बसले. एवढी वर्षं जिच्याकडे बघून जीव जळत होता, ती साधी वेताची खुर्ची आहे आणि एका बाजूला वेत तुटून टोचतो. तू कधी बोलली नाहीस त्याबद्दल. तू कशाबद्दलच बोलली नाहीस. मी बसून राहिले आणि मुली निघून गेल्यावर पहिल्यांदाच मोकळी रडले, तुझ्यासाठी आणि थोडी माझ्यासाठी.

मग ते विहिरीचं खरं मी एकटीनंच मोठ्यानं बोलून टाकलं. तिथं ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आता इथं लिहिते, म्हणजे निदान लिहिलेलं राहील. मी पाणी पाहत नव्हते, द्वारके. माझा एक पाय काठावरून उचललेला होता. तू हात धरलास तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की तो अजून गेला नाही, आणि त्या रागावरच मी एवढी वर्षं जगले. तुझ्यासाठी मात्र मी उठले नाही. उठायला हवं होतं.